सातशे एमबीचं गाऱ्हाणं

आमच्या घरात इंटरनेट आलं तेव्हा त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, हे मी शाळेत कुणाला सांगत नाही. मी हायस्कुलात मुलांना संगणक शिकवते. माझी काही अब्रू आहे की नाही?

पण घातलं होतं खरं. तेव्हा फोनच्या तारेवरून नेट लागायचं. आधी किर्र, मग खर्र, मग मांजराच्या शेपटीवर कुणी पाय दिल्यासारखा आवाज, आणि एवढं सगळं होऊन पुष्कळदा काहीच नाही. पहिल्या दिवशी आई देवपूजा टाकून बाहेर धावली. "काय गो बाय, ह्येका काय झाला?" बाबा उठले, टेबलावर नारळ ठेवला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले. "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान घरात ह्यो एक डबो हाडलो आसा. तो कसो चलता, ता तुका ठावक आणि तेका ठावक. तरी तेची जी काय खरखर आसा ती दूर कर आणि चेडवाचा काम पार पाड रे म्हाराजा!" आई आणि मी, म्हणजे ते चेडू, त्यांची मुलगी, एका सुरात म्हणालो, "व्हय म्हाराजा!" आणि लागलं की हो नेट. योगायोग, दुसरं काय! पण बाबा पुढे वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला ते ऐकवत होते.

मालवणाबाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की हे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवापुढे उभं राहून एकाने सगळ्यांच्या वतीने मागायचं आणि दर मागण्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणत साथ द्यायची. ते कुणालाही जमत नाही. त्याला आवाज लागतो, जीभ लागते आणि कुणाच्या घरात काय शिजतंय याची पक्की खबर लागते. बाबांकडे तिन्ही होती. त्यांचा सगळा जन्म होडीवर तांडेलकी करण्यात, म्हणजे खलाशांचा म्होरक्या म्हणून, गेला. भर वाऱ्यात दुसऱ्या होडीतल्या माणसाला हाक ऐकू जाईल असा त्यांचा गळा. नवी होडी पाण्यात घालायची असो की देवीची जत्रा असो, वाडीत गाऱ्हाणं घालायचे ते बाबाच.

मग तो गळाच गेला. गाठ निघाली, गोव्याला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. बाबा घरी आले ते हातात पाटी घेऊन. लिहून बोलायचे, तेही मोजकं. 'चहा.' 'मीठ कमी.' देवळात जायचं मात्र त्यांनी सोडून दिलं. तिथे आता दुसराच एक गृहस्थ गाऱ्हाणं घालायचा, आणि तो असं घालायचा की हा वर्गणीची पावती फाडायला आलाय, असं देवालाही वाटावं. आणखी एक माणूस आमच्याकडे यायचा बंद झाला. तारकर्लीचे काका. सख्खे नव्हेत, बाबांचे दोस्त. दोघांनी उमेदीची सगळी वर्षं एका होडीवर काढली होती. ऑपरेशननंतर काका एकदा आले, कसेबसे बसले, चहा न घेताच उठून गेले, ते गेलेच. मला त्यांचा भयंकर राग आला होता. तशी मी रागीटच. मला रडू यायच्या आधीसुद्धा राग येतो.

त्यानंतरच्या एका दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मावसभावाचा आखातातून फोन आला. जुन्या कॅमेऱ्यातल्या टेपा कॉम्प्युटरवर उतरवताना त्याला आमच्या जत्रेचं शूटिंग सापडलं होतं. "गो, तुज्या बाबांचा आख्खा गाऱ्हाणा आसा त्यात! आवाज एकदम क्लियर!"

मी खुर्चीत बसलेच. बाबांचा आवाज आमच्याकडे कुठेही नव्हता. फोटो ढीगभर, पण आवाज एका ओळीचाही नाही. रोज ऐकू येणारा आवाज कोण भरून ठेवतं?

फाइल सातशे एमबीची. भावाने ती कुठल्याशा साइटवर चढवून लिंक पाठवली आणि वर सांगितलं, की आठ दिवसांनी ही लिंक मरते. तो स्वतः दुसऱ्याच दिवशी वाळवंटातल्या कामावर निघाला होता, परत कधी येईल पत्ता नाही, आणि फाइल ज्या कॉम्प्युटरवर होती तो ऑफिसचा. आई म्हणाली, "सीडी करून पोस्टान धाड म्हणा तेका." तर म्हणे, कस्टमवाले सीडी फोडतात. कस्टमवाल्यांचं सोडा, त्याला पोस्टात जायचा कंटाळा. लहानपणी चिठ्ठी टाकायला पाठवला तर पेटीच्या अलीकडच्या दुकानात लाडू खात बसायचा.

बाबांना आम्ही काहीच सांगितलं नाही. त्यांच्या आवाजाचा विषय काढला की ते पाटी उपडी ठेवायचे. 'शाळेचं काम आहे' एवढं सांगून मी डाउनलोडला बसले.

एव्हाना आमच्याकडे ब्रॉडबँड आलं होतं. नाव ब्रॉड, चाल गोगलगायीची. त्यात सकाळी लाईट जायची ती उन्हं वर आल्यावर यायची. रात्री चालू ठेवावं तर ऑक्टोबरातल्या विजा. मागच्या वर्षी वीज तारेतून घरात आली आणि मॉडेम जळून कोळसा झाला, तेव्हापासून आई दिवेलागणीला सगळे प्लग उपटते. तिच्यापुढे कुणाची बिशाद नाही. म्हणजे उरली ती लाईट आल्यापासून दिवेलागणीपर्यंतची वेळ. तेवढ्यात सातशे एमबी जेमतेम बसत होते. आणि ती साइट इतकी आगाऊ, की मध्ये नेट तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा.

पहिल्या दिवशी जेवणं झाली, सगळं घर आडवं झालं, आणि चहाचं आधण ठेवायच्या थोडं आधी मॉडेमचा हिरवा दिवा गेला. थोड्या वेळाने आपला आपणच आला. फाइल गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, आणि वेळही तीच. मी टेबलावर मूठ आपटली की बाबा मागच्या पडवीतून यायचे. दुपारी ते तिथेच आरामखुर्चीत असायचे. चेहरा टवटवीत, आणि पाटीवर लिहिलेलं असायचं, 'नेट गेलं?' त्यांना असं हसतमुख बघून माझं डोकं आणखीच फिरायचं.

मी फोन खात्याला फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, मॉडेम बंद करून पुन्हा चालू करा." मी म्हटलं, बाई, मी मुलांनाही हेच शिकवते, दुसरं काही असेल तर सांगा. आईचं म्हणणं, माडाची झावळ तारेवर घासते. म्हणून माडावर माणूस चढवला, झावळ पाडली, ती पडताना आईच्या तुळशीची फांदी घेऊन पडली. "शिरा पडो त्या मेल्या नेटार!" आईने नेटाचा उद्धार केला आणि खराट्यासाठी झावळीचे हीर काढायला बसली. शेवटी लाइनमन आला. खाऱ्या हवेने जॉइंट हिरवा पडलाय म्हणाला, पत्र्याच्या डबीतली तार घासून लखलखीत केली. बाबांनी शिडी धरली होती, अगदी मन लावून. लाइनमन चहा पिऊन, लाडू खाऊन, "आता नुसतं धावेल बघा मॅडम" असं सांगून गेला. दुपारी चहाच्या आधी हिरवा दिवा पुन्हा गेला.

आठातले दोनच दिवस उरले होते. मग मात्र मी कंबर कसली. दिवा जाताच उठले आणि खांबावरून आलेली तार बोटाने चाचपत निघाले. खिडकीतून आत, भिंतीवरून, माळ्याखाली, आणि तिथे तिला दोन फाटे. एक पुढच्या खोलीत मॉडेमकडे. दुसरा मागच्या पडवीकडे, तिथल्या जुन्या फोनला. पण तो फोन तर केव्हाचा मेलेला! त्याची घंटा गंजून वाजेनाशी झाली तेव्हापासून आम्ही कुणी त्याला हात लावला नव्हता.

पडवीच्या दाराशी पोचले आणि थबकले. बाबा पाठमोरे, आरामखुर्चीत, मेलेल्या फोनचा रिसीव्हर कानाला. रिसीव्हरमधून आवाज येत होता. दारापर्यंत ऐकू येईल असा फोनवर बोलणारा माणूस आमच्या माहितीत एकच. तारकर्लीचे काका.

"...आणि सांगता काय, नवा जाळा घेतलंय! नवा? अरे, तुज्या लग्नातला जाळा ता! व्हय काय नाय?"

बाबांनी रिसीव्हरच्या तोंडावर नखाने वाजवलं. टक.

"तर मगे! आणि काल देवळात गाऱ्हाणा घालूक उबो कोण? तोच! गेललंस काय रे ऐकूक?"

टक टक.

"नाय गेलंस, ता बरा केलंस. माका उब्या उब्या झोप इली."

बाबांचे खांदे गदगदत होते. ते हसत होते. ऑपरेशननंतर मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. मी उलट्या पावली पुढच्या खोलीत आले, साठ टक्क्यांवर मेलेल्या फाइलीसमोर बसले आणि खूप रडले. पहिल्यांदाच, आधी राग न येता.

दोष साधा होता. ब्रॉडबँडच्या लाइनीवर जितके फोन, तितक्या पांढऱ्या फिल्टरच्या डब्या लागतात. पुढच्या फोनला डबी होती. मागचा आमच्या लेखी मेलेला, म्हणून त्याला कुणी लावली नव्हती. त्याचा रिसीव्हर उचलला की इकडे नेट आडवं. म्हणजे बाबांचा आवाज घरात येत होता आणि तो दाराशीच तोडत होते खुद्द बाबा.

आता त्यांना सांगायचं कसं? फोन करू नका म्हणायची माझी छाती नव्हती. सकाळी बाजारातून डबी आणली आणि पडवीत गेले.

"बाबानू, हो फोन मेललो आसा ना? तरी तेका ही डबी लावतंय. लायनीत पाली शिरतत."

बाबांनी पाटी घेतली. 'मेलेल्या फोनात पाल कशाक जातली?'

"ता पालीक विचारा. मी लावतंय म्हणजे लावतंय."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी डबीकडे बघत राहिले. मग त्यांनी आधीचं पुसून लिहिलं, 'लाव.'

तो लिंकचा शेवटचा दिवस. लाईट नेमकी उशिरा आली. जेवणं झाली, घर आडवं झालं. पडवीतून काकांचा बारीक आवाज यायला लागला तशी मी मॉडेमवर डोळे लावले. हिरवा दिवा हलला नाही. मागे तारकर्ली बोलत होती आणि पुढे बाबांचा आवाज थेंब थेंब उतरत होता. पण उतरणार कधी? आभाळ भरून आलं, देवबागच्या बाजूला गडगडलं, आणि आई प्लगला हात लावून उभी राहिली.

"काढू काय गो?"

"हात लावशीत तर बघ!"

"नव्वदावर किती झाले?"

"आये, गप ऱ्हव!"

वीज चमकली. आईने डोळे मिटून देवीचं नाव घेतलं, पण प्लग उपटला नाही. हे तिचं धाडस मी जन्मात विसरणार नाही. फाइल पुरी झाली आणि माझं 'झाली' तोंडातून निघायच्या आत तिने सगळे प्लग उपटून टाकले.

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन लावला. हॅलो म्हणायच्या आधीच ते सुरू झाले, "आज लवकर काय रे मेल्या? जेवलंस मा?"

"काका, मी बोलतंय."

मग बारीक आवाजात, "रॉंग नंबर."

"रॉंग नाय, मी वळाखलंय तुमका. दुपारी घराक येवा."

ते आले. धुतलेला शर्ट, हातात केळीच्या पानात बांधलेली सुरमई. दारातच मला म्हणाले, "रागाव नको गो. तेच्या गळ्याकडे बघलंय की माझो गळो बंद होता. फोनार बरा, दिसणा नाय." मी रागावणार होते, ते राहूनच गेलं.

बाबांना मधल्या खुर्चीत बसवलं, काका शेजारी, आई दाराशी. मी फाइल लावली. आधी बराच वेळ नुसता भावाचा अंगठा. मग कुणाची तरी पाठ. मग जत्रेतल्या गोड खाज्याचं दुकान, ते मात्र भरपूर. मग कॅमेरा हलत हलत देवळात शिरला आणि आवाज आला.

"बा देवा म्हाराजा! आज वाडीची ही लेकरा तुज्या दारात उबी आसत. जो कोण दर्यार गेलो आसा, तेका भरल्या होडयेन घराक हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पडद्यावरची गर्दी म्हणाली. आई आणि काकाही म्हणाले, त्यांनाही न कळता. आणि खुर्चीच्या लाकडी हातावर एक बोट वाजलं. टक.

बाबांचे डोळे मिटलेले होते.

"जो कोण मुंबयक जावन आयेक इसारलो, तेका आयेची याद दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" टक.

"आणि माज्या चेडवाचो राग, जो नाकाच्या शेंड्यार बसान आसा, तो वायंच खाली उतरव रे म्हाराजा!"

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं! सगळं देऊळ हसलं, आणि त्या सगळ्यांच्या वर बाबांचं हसणं, मोठं, होडीवरचं. आवाज गेला म्हणजे बोलणं गेलं, एवढंच मी धरून चालले होते. हसण्यालाही आवाज होता, तो किती मोठा होता, हे मी साफ विसरले होते. मला हुंदका आवरेना, आणि आवरेना म्हणून भावाचा, त्याच्या अंगठ्याचा, सगळ्यांचा राग आला.

काकांनी बाहीने डोळे पुसले. मग पहिल्यांदाच मान वळवून बाबांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काय रे, उतरलो काय तो राग?"

बाबांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, अगदी निरखून. आणि खुर्चीच्या हातावर वाजवलं.

टक टक.