आधी झांज लाव

"आधी झांज लाव. ढोल काय, कसल्याबी डब्यात वाजतो." आमच्या येरमाळ्यात कुणी गाण्याचा नवा सेट घेतला, की शेजारचे आबा असं म्हणत समोर मांडी घालायचे आणि डोळे मिटायचे. त्यांची मान हलली की सेट पास. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेलच. देवीची गाणी म्हणणाऱ्या मेळ्यात उभा जन्म झांज वाजवलेला माणूस. त्यांच्यापुढं दुकानदाराची काय टाप!

गेल्या वर्षी मी होम थिएटर आणलं. लावायचं काय, हा प्रश्नच नव्हता. मोबाइलवर आमच्याच मेळ्याचं गाणं होतं. गाणाऱ्या काकू, म्हणजे आबांची बायको, आणि झांजेवर खुद्द आबा.

आबांनी डोळे उघडले. "झांज कुठंय?"

"वाजतीय की, आबा."

"डोंबलाची वाजतीय! नुसता संबळ हाय. फसवलं तुला. बदलून आण."

माझ्या कानांपेक्षा माझा आबांच्या कानांवर भरवसा. मुकाट्यानं सेट बदलून आणला. पुन्हा तेच गाणं लावलं, पुन्हा तीच तक्रार. आबा दुकानदाराच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडून म्हणाली, "अहो आबा, झांज तर मला हिथपर्यंत ऐकू येतीय!"

आबा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "तुला बी?"

"व्हय."

"मग मेळ्यात म्या कशी वाजवतोय? खरं सांग, बाबा."

मेळ्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण आबांना सांगायचं कुणी? मीच म्हटलं, "लई जोरात वाजवता, आबा. काकूंचा आवाज बुडतो."

"तिनं तर कधी सांगितलं न्हाय," एवढंच म्हणाले आणि उठले. चहासुद्धा घेतला नाही.

पुढच्या मंगळवारी देवळात मेळा बसला. आबा आले, पण झांज त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. काकू गायल्या. काय गायल्या म्हणून सांगू! बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आबा काकूंच्या ओठांकडं टक लावून बसले होते. मला बघवेना.

"कशी म्हणती रं?" त्यांनी मला विचारलं.

"लई गोड, आबा."

त्यांनी कान पुढं केला. मी पुन्हा सांगितलं. तरी कळेना. शेवटी मी ओरडूनच बोललो, आणि काकूंचं गाणं मध्येच तुटलं.

आबा उठून बाहेर गेले. त्यानंतर ते मेळ्याला आलेले नाहीत.