धरणाच्या अलीकडे

मंगळवारी दुपारी दोनला गोव्याहून फोन आला. माझा धाकटा भाऊ प्रयोगशाळेत काम करताना खुर्चीवरून पडला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचले. अग्नी तिथेच दिला.

भाऊ समुद्राच्या तळाचा गाळ तपासत असे. जहाजावरून लांब नळी सोडून ती तळात रुतवायची, आत आलेला चिखल उभा चिरायचा आणि कुठल्या थरात कुठली माती आहे ते पाहायचे. मी पुसदला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तो सांगे आणि मी ऐके, एवढाच माझा त्या कामाशी संबंध.

एका दिवाळीला त्याने ओट्यावर दोन पेले ठेवले, दोन्हींत वावरातली काळी माती ढवळली आणि एकात मीठ टाकले. मिठाचे पाणी लवकरच निवळले. दुसरे संध्याकाळपर्यंत गढूळच होते.

"पाह्य ताई, नदीत माती अशी तरंगत जाते. खारं पाणी लागलं का गुठळ्या होऊन खाली बसते. आपल्याकडची माती मले पार बंगालच्या उपसागरात सापडते."

"एवढा शिकला अन् चिखलच खेळून राह्यला," आई म्हणाली. "पेले घासून ठेव आता."

गोव्यात त्याचे सहकारी म्हणाले होते, पुढच्या फेरीत जहाज उपसागरात जाईल, अस्थी तिथे सोडू. मी नको म्हणाले. आमच्या शेताखालून पैनगंगा वाहते. त्याच्या मातीसारखा तोही इथूनच जाईल, असे मला वाटले. आईलाही ते पटले. नदीत अस्थी मी माझ्या हाताने सोडल्या.

मग रोज सकाळी चहा घेताना आई विचारू लागली, "आज कुठलोक गेला असन वं?"

मी नकाशा काढून ठेवला. "उमरखेड मांगं पडलं," मी सांगे. काही दिवसांनी, "झरी जामणीच्या खालून चालला."

"तिकडं पाणी कमी असन या दिवसात. अडकला तर?"

"नाई अडकत."

काही महिन्यांनी त्याची पुस्तके आली. त्यांत एक वही होती. तीत त्याने लिहिले होते की आपल्याकडची माती उपसागरात मिळते ती जुन्या थरांत; नदीवर धरण झाले की वरचा बहुतेक गाळ धरणातच बसतो. आमचे शेत पैनगंगेवरच्या धरणाच्या वरच्या अंगाला आहे. ते धरण मी लहानपणापासून पाहते आहे. त्याने हेही मला नक्की सांगितले असणार. मी अर्धेच ऐकले.

तरीही महिनाभर मी त्याला नकाशावर पुढे नेत राहिले. वर्धा, प्राणहिता, गोदावरी. माझ्या आवाजात काही फरक पडत नव्हता. घरात मात्र भांड्याच्या तळाशी काही साचलेले दिसले की मी तोंड फिरवून ते ओतून देई.

एका सकाळी आईने विचारले, "पोचला का?"

हो म्हणायचे ठरवून ठेवले होते. म्हणता आले नाही.

"आई, तो आपल्या धरणातच हाय. पुढं गेलाच नाई. ते लोक समुद्रात सोडतो म्हणत होते, मीच नाई म्हटलं."

आईने कप खाली ठेवला.

"मंग मले गोदावरीलोक कायले नेलं?"

तिने उठून दोघींचे कप विसळले.

त्यानंतर तिने पुन्हा विचारले नाही. मी चहा घेताना अजून तिच्या प्रश्नाची वाट पाहते. तो धरणात आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की काठचा गाळ उघडा पडतो, तेव्हा मी तिकडे जात नाही. आता घरात आई आणि मी, दोघीच आहोत.