गोधडी उपाशी ठेवायची नाही

आमच्या चौघींच्याही पलंगाखाली जुन्या लुगड्यांची गाठोडी आहेत. कुणाचं विरलं, कुणी आणून दिलं, टाकवत नाही म्हणून बांधून ठेवलं. किश्शांचंही तसंच झालंय. गाठोडं फुगत चाललंय, म्हणून आज थोडं सोडते.

चौघी म्हणजे पारनेरजवळच्या आमच्या गावातल्याच. सत्तरीच्या जिजाक्का, टाके घालण्यात त्यांचा कुणी हात धरणार नाही. शाळेतून रिटायर झालेल्या जोशीबाई. माझी धाकटी जाऊ सुमन. आणि मी, शैला, सगळ्यांवर ओरडायला. जोशीबाईंच्या घरामागे तीन गुंठे जागा आहे. तिथे रासायनिक खत, औषध काही न मारता आम्ही भाजी पिकवतो. सकाळी भाजी आणि दुपारी बाईंच्याच ओट्यावर गोधड्या, असं ठरलंय. पण हात तेच आणि डोकीही तीच. त्यामुळे सकाळचं दुपारात घुसतं आणि दुपारचं सकाळी.

*

वाफ्यांना आम्ही जीवामृत घालतो. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन ड्रममध्ये कालवायचं, वरून कापड बांधायचं आणि आठवडाभर ढवळत राहायचं. एकदा ड्रमवरचं गोणपाट सापडेना. सुमनने ओट्यावरच्या गाठोड्यातलं हाताला लागलं ते लुगडं ओढलं आणि बांधून टाकलं.

ते लुगडं जोशीबाईंच्या सासूबाईंचं निघालं. बाईंनी ते नातीच्या गोधडीसाठी जपून ठेवलं होतं. सुमन रडायच्या बेतात आली. मी तोंड सोडणार, तेवढ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे गं. जन्मभर मला सोवळ्यावरून बोलल्या. आता आठवडाभर बसल्यात शेणावर."

लुगडं तीनदा धुतलं. नातीला अजून सांगितलेलं नाही.

*

जिजाक्कांना सुई पदराला टोचून ठेवायची सवय आहे. आठवडी बाजाराच्या सकाळी मेथी खुडून, जुड्या बांधून झाल्या आणि त्यांनी पदर चाचपला. सुई नाही.

मेथीत सुई गेली म्हणजे काय होईल, या विचाराने माझं डोकंच फिरलं. बांधलेल्या सगळ्या जुड्या सोडल्या. पान न् पान झटकलं. दोन तास गेले, टेम्पो निघून गेला, मी बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. शेवटी जिजाक्का उठल्या आणि सुमनला म्हणाल्या, "ए, तुझ्या पाठीला काय चमकतंय गं?"

सकाळी सुमनच्या ब्लाउजचा उसवलेला टाका त्यांनीच घालून दिला होता. सुई तिथेच राहिली होती. जिजाक्कांनी ती काढून पुन्हा पदराला टोचली. "मेथीत न्हाई म्हनून मी कवाची सांगतीया," त्या म्हणाल्या. सांगितलं बिंगितलं काही नव्हतं. त्या दिवशी चारी घरांत मेथीच शिजली.

*

आता माझीच चूक सांगते. मागच्या थंडीत टोमॅटोची रोपं नुकती लावली होती आणि गारठा असा पडला की हाताची बोटं वळेनात. रोपं जातील या काळजीने मी संध्याकाळी ओट्यावर होतं नव्हतं ते सगळं नेऊन वाफ्यावर पांघरलं. त्यात पुण्याच्या ऑर्डरच्या दोन नव्या गोधड्या होत्या, घडी घालून पॅक करायच्या राहिलेल्या.

सकाळी आमचे धाकटे भाऊजी, म्हणजे सुमनचे मालक, तिथून जाताना थबकले. त्यांना बरेच दिवस नवी गोधडी हवी होती आणि सुमन ऑर्डरमुळे टाळत होती. बराच वेळ ते वाफ्याकडे बघत राहिले.

"वहिनी," ते म्हणाले, "पुढच्या जन्मी मला टोमॅटो करा."

महिन्याभरात त्यांची गोधडी मी स्वतः शिवून दिली.

*

यानंतरच्या उन्हाळ्यात मात्र हसायचे दिवस नव्हते. जिजाक्कांचा एक घेवडा होता, शेंगेला जांभळी कड असलेला. तो त्यांनी आईच्या परसातून लग्नात आणला आणि दरवर्षी बी धरून पुन्हा पेरला. दुसरीकडे कुठे आम्ही तो पाहिला नाही. गारपिटीत वेल गेला, आणि डब्यातलं राखून ठेवलेलं बी भुंग्याने पोखरलं. डबा उघडला तर नुसतं पीठ.

दुसऱ्या दिवसापासून जिजाक्कांनी वाफ्यांकडे यायचं बंद केलं. दुपारी येऊन टाके घालायच्या आणि जायच्या. मला ते बघवेना. हिवरे बाजारपासून पार पाहुण्यांपर्यंत सगळीकडे फोन केले. तसं बी कुणाकडेच नव्हतं.

*

आमच्याकडे गोधडी उपाशी ठेवत नाहीत. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा वाळका तुकडा ठेवायचा, म्हणजे ती पांघरणाराला कधी कमी पडत नाही. त्याच दिवसांत सुमनने हौसेने पुरणपोळीचा तुकडा ठेवला, आणि आठवड्यात गिऱ्हाइकाचा फोन आला की गोधडीला मुंग्या लागल्यात.

मी सुमनला झापत होते, "काही कोरडं नव्हतं का घालायला? चार दाणे टाकायचे!"

जिजाक्कांचा हात थांबला. "शैले," त्या म्हणाल्या, "कमळीच्या गोधडीत मी घेवडा घातला हुता."

कमळ त्यांची लेक, कोल्हारला दिलेली. चार वर्षांपूर्वी तिच्यासाठी गोधडी शिवताना भाकरी संपली होती आणि ओच्यात बी होतं, तेच ठेवलं. मी लगेच फोन उचलला. जिजाक्कांनी माझा हात धरला. "नगं. दरसाल घट बसायच्या आदी समद्या गोधड्या नदीवर धुत्यात. भिजलेलं बी ऱ्हातं व्हय?"

तरी मी फोन केलाच.

*

रविवारी कमळ एसटीने आली, काखेत गोधडी घेऊन. ओट्यावर बसून जिजाक्कांनी कोपरा उसवला. पाच दाणे निघाले, कोरडे, खडखडीत.

जिजाक्कांनी दाणे बघितले, मग गोधडी नाकाशी नेली, आणि लेकीवर उखडल्या. "चार वर्सं धुतली न्हाईस? घट बसताना बी न्हाई? सासू काय म्हनली आसंल? आमचं नाव घालवलंस!"

"धुवायच्या दिवशी मी ती लपवून ठेवायचे," कमळ खाली बघत म्हणाली. "धुतली की तुझा वास जाईल, आई."

जिजाक्कांनी तोंड फिरवलं आणि उठून वाफ्याकडे गेल्या. कितीतरी दिवसांनी. तीन दाणे त्यांनी पेरले आणि दोन पदराला बांधले. कमळ आठवडाभर राहिली. सहाव्या दिवशी दोन अंकुर वर आले. मी तर रडलेच, जोशीबाईंनी चष्मा पुसला.

निघायच्या दिवशी जिजाक्का उसवलेला कोपरा शिवायला बसल्या. सुमन आत धावली आणि भाकरीचा तुकडा घेऊन आली. जिजाक्कांनी तो बाजूला ठेवला, पदराची गाठ सोडली आणि उरलेले दोन दाणे कोपऱ्यात सारले.

"आई, तेही पेर ना," कमळ म्हणाली.

जिजाक्कांनी टाके घातले, दोरा दाताने तोडला आणि गोधडी लेकीच्या मांडीवर ठेवली.

"धुऊ नगंस," त्या म्हणाल्या.