थेट दुसऱ्या वर्षाला

मिरजेच्या ज्या दवाखान्यात मी काम करते, तिथं माझी नेमणूक नोंदणीच्या खिडकीवर आहे. नाव-गाव विचारायचं, केसपेपर काढून द्यायचा. पण खिडकीत मी फारशी सापडत नाही. अथणी, जमखंडी, विजापूरकडून रोज माणसं येतात. त्यातल्या कितीतरी जणांना कानडीशिवाय काही येत नाही आणि आमच्या बऱ्याच डॉक्टरांना कानडी येत नाही. मग कुठल्यातरी वॉर्डातून निरोप येतो, "भाभींना पाठवा," आणि मी उठते.

माझं माहेर जत तालुक्यातलं, अगदी हद्दीवरचं. घरात आमची दख्खनी, शाळा मराठी आणि शेजारपाजार, बाजारहाट सगळा कानडी. तिन्ही भाषा मी कधी मुद्दाम शिकले नाही, लहानपणापासून कानावर पडत आल्या. दवाखान्यात स्टाफ मला भाभी म्हणतो, पेशंट अक्का म्हणतात.

बारावी झाले आणि लग्न होऊन मिरजेत आले. ह्यांचं दवाखान्याचे एप्रन आणि चादरी शिवायचं दुकान. पुढं मुलगी झाली, मला नोकरी लागली. शिक्षण राहिलं म्हणून मी झुरत बसले, असं काही झालं नाही. ते डोक्यातूनच गेलं होतं. मुलगी सांगलीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला गेली, त्याच सुमाराला आमच्या समाजसेवा विभागातल्या मॅडमनी विषय काढला. मॅडम मूळच्या साताऱ्याच्या, बोलायला एकदम सरळ.

"भाभी, तुम्ही समाजकार्याची पदवी का करत नाही?"

"आता ह्या वयात पहिल्या वर्षाला बसू? मुलगी हसेल मला."

"पहिल्यापासून कशाला? आता विद्यापीठ कामाचा अनुभव धरतं. तुम्ही इथं जे करता ते तपासतात, परीक्षा घेतात. पटलं तर त्याचे क्रेडिट देतात. तेवढे विषय पुन्हा शिकायचे नाहीत."

मी चहाचा कप खाली ठेवला आणि त्यांना पुन्हा सांगायला लावलं. इतकी वर्षं मी ज्याला खिडकी सोडून केलेली धावपळ समजत होते, ती शिक्षणात धरतात, हे मला पटेचना. त्या संध्याकाळी मी रोजच्यासारखी बाजारातून भाजी घेत आले नाही, सरळ घरी आले. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी मशीन थांबवलं. मुलीनं फोन काढला आणि सगळं वाचून दाखवलं. "अम्मी, खरं आहे हे," ती म्हणाली. "तुला थेट दुसऱ्या वर्षालासुद्धा घेऊ शकतात. मग तू माझी सीनियर."

अर्जासोबत आपण काय काम करतो ते लिहून द्यायचं होतं. मी लिहिलं, पेशंटचं डॉक्टरांना सांगते आणि डॉक्टरांचं पेशंटला. मुलीनं वाचलं.

"एवढंच?"

"मग अजून काय?"

"काल तुला यायला उशीर का झाला होता?"

मी सांगायला लागले. वॉर्डात एक म्हातारे होते. जेवणाचं ताट परत पाठवत होते. सिस्टरना वाटलं, चिडलेत. मी जाऊन बसले, इकडचं-तिकडचं बोलले, तेव्हा कळलं की रक्त तपासायचं म्हणून त्यांना सकाळी उपाशी राहायला सांगितलं होतं. तपासणी झाली, पण आता जेवा असं त्यांना कळेल अशा भाषेत कुणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारे परवानगीची वाट बघत बसले होते.

"हे लिही," मुलगी म्हणाली. मग ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. कोण रडत होतं, कोण न सांगता निघून चाललं होतं, कुणाच्या घरी फोन लावला. एकेक आठवायला लागलं तसा मला हुरूप आला. आपण इतकं काही करतो हे मलाच पहिल्यांदा दिसत होतं.

काही आठवड्यांनी विद्यापीठाच्या साताऱ्याच्या केंद्रातून बोलावणं आलं. प्रत्यक्ष परीक्षा होती. मुलगी सोबत यायला निघाली. आदल्या दिवशी लिफ्टवरचे मामा म्हणाले, "आवं भाभी, तुमी कालेजात जाणार व्हय? लय भारी काम केलं बगा." अजून काही झालं नव्हतं, पण मामांनी ते सगळ्या मजल्यांवर सांगून टाकलं होतं.

एस्टीत मी खिडकीशी बसले. कऱ्हाडला गाडी थांबली, मुलीनं वडापाव आणला, मला तो जाईना. भीती म्हणावी तर भीती नव्हती. लहानपणी गॅदरिंगला पडदा उघडायच्या आधी व्हायचं तसं होत होतं. अजिंक्यतारा दिसायला लागला तशी मी मुलीचा हात धरला, तो स्टँड येईपर्यंत सोडला नाही.

खोलीत दोन प्राध्यापक होते. एक वयस्क सर आणि एक मॅडम. मॅडमचं बालपण बेळगावचं, त्यांना कानडी चांगली येत होती. आधी त्यांनी मी लिहिलेल्यातलं बरंच काही विचारलं. मी बोलत सुटले. सर मधेच म्हणाले, "जरा सावकाश, मला लिहून घ्यायचंय." मग त्यांनी एक प्रसंग उभा केला. सर झाले डॉक्टर. मॅडम झाल्या खेड्यातल्या एका साखरेच्या पेशंटची बायको, फक्त कानडी बोलणारी. मी दोघांच्या मधे.

सर म्हणाले, "पाय गुडघ्याखाली काढावा लागेल. नाही काढला तर जंतूचं विष अंगात पसरेल. ह्यांची संमती हवी."

मी खुर्ची ओढून मॅडमच्या शेजारी बसले. कानडीत विचारलं, सोबत कोण आहे, काही खाल्लंय का. मग म्हणाले, पायाची जखम बिघडली आहे, ऑपरेशन करायला लागणार. "अंजब्याड्री," घाबरू नका. माझ्या रोजच्या पद्धतीनं सगळं छान झालं, असं मला वाटलं.

मॅडमनी पदर सारखा केला आणि त्या मराठीत आल्या. "तुम्ही खूप मायेनं बोललात. पण डॉक्टर म्हणाले पाय काढायचा. तुम्ही म्हणालात ऑपरेशन. पाय जाणार हे मला कळलंच नाही."

"मी ते थोड्या वेळानं सांगते," मी म्हणाले. "भाऊ, दीर, कुणीतरी जवळ आलं की. एकदम ऐकलं तर बाई कोसळते."

"आणि त्याआधी कुणी सहीला कागद पुढं केला तर? ती कशावर सही करतेय?"

मॅडमच्या बोलण्यात दोष काढल्यासारखं काही नव्हतं, त्यांना खरंच माझं म्हणणं ऐकायचं होतं. मी विचार केला. माझ्या नवऱ्याचा पाय असता तर मला काय हवं असतं? मला सगळं हवं असतं, तिथल्या तिथं.

"मॅडम, मी परत करून बघू का?"

सर हसले आणि म्हणाले, "करा की."

ह्या वेळी मी तशीच शेजारी बसले, पण पाय कुठून काढणार, का काढणार, नाही काढला तर काय होईल, सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर गप्प बसले. ते गप्प बसणं मला फार जड गेलं. मॅडम खाली बघत होत्या. मग त्यांनी कानडीत विचारलं, "मग हे शेतात कसे जाणार?"

नेहमीची मी असते तर म्हणाले असते, जातील हो, सगळं नीट होईल. ते ओठावर आलंच होतं. पण हा प्रश्न मला नव्हता. मी सरांकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "डॉक्टर, त्या विचारताहेत की ह्यांना शेतात जाता येईल का."

सरांनी तयारी केलेली नव्हती. तरी ते नकली पाय, सराव, लागणारे महिने, असं सावकाश सांगत गेले आणि मी वाक्यावाक्याला कानडीत सांगत गेले. संपलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "दोन्ही वेळा तुम्ही त्या बाईच्या बाजूनंच होतात. दुसऱ्यांदा तिच्यावर भरवसाही ठेवलात."

परतीच्या गाडीत मुलगी विचारत होती, कसं गेलं, पास होशील का? मी तिला पाय काढायचा सगळा प्रसंग दोनदा करून दाखवला. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला तेव्हा थांबले. मला पेठ नाक्याला सपाटून भूक लागली.

निकाल आला तेव्हा मी खिडकीत होते, पुढं रांग होती. समाजसेवा विभागातल्या मॅडम जिन्यावरून जवळजवळ धावतच आल्या. पहिल्या वर्षाचे बहुतेक सगळे क्रेडिट मिळाले होते. दोन विषयांचे दिले नव्हते, समुपदेशन आणि व्यवसायातली नीतिमूल्यं. ते दुसऱ्या वर्षाबरोबर करायचे होते. मॅडमना वाटलं मी नाराज होईन. मी म्हणाले, "बरं झालं नाही दिले. मला तेच शिकायचंय." रांगेतल्या एका आजोबांनी कानडीत विचारलं, काय झालं अक्का? मी म्हणाले, मी कॉलेजात चालले. त्यांनी माझ्या केसपेपरच्या गठ्ठ्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला.

आता दर रविवारी सांगलीला अभ्यासकेंद्रात जाते. पहिल्या तासाला समुपदेशनच होतं. वर्गात अंगणवाडीच्या ताई होत्या, एक निवृत्त सुभेदार होते, दोन कॉलेजवयाची मुलं होती. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, ऐकून घेणे. मग त्या समजावायला लागल्या की समोरचा गप्प असतो तेव्हा आपण काय करायचं. मी हात वर केला. त्यांनी उत्तर दिलं, मी पुन्हा वर केला. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले तरी आमचं चालूच होतं. सुभेदार म्हणाले, "ताई, जेवा की आता." मी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्यांनाच विचारलं, फौजेत एखाद्याच्या घरी वाईट बातमी कळवायची असली तर तुम्ही कशी कळवायचा? त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि ते सांगायला लागले. बाईंनीही आपला डबा उचलून आमच्याकडे आणला.