दुसरा अर्थ

केसांत खोचलेली पेन्सिल काढायची, वहीवर टेकवायची आणि मान तिरपी करून विचारायचं, "आनि दुसरा अर्थ?" ही तिची सवय. ‘ण’ तिला यायचा नाही. पण खरं सांगा, आपल्या यवतमाळात तरी ‘ण’ किती जणांना येतो?

साठ-एकसष्टची गोष्ट. दगडात भोक पाडून पाणी काढायचं एक मोठं यंत्र सरकारनं आणवलं होतं, आणि ते चालवायला एक साहेब आला होता. ही त्याची बायको. देश डेन्मार्क. मी शाळेतल्या नकाशावर तो शोधायला गेले आणि बोट ठेवलं, तर अख्खा देश बोटाखाली झाकून गेला. एवढ्याशा देशातून निघून दोन लहान पोरं घेऊन बाई लोहाऱ्याच्या वाटेवरच्या भाड्याच्या बंगल्यात राहायला आली होती. पोरगी पाच वर्षांची, पोरगा दोनचा. गाव तिला मडम म्हणायचं. मी कन्याशाळेत मराठी शिकवायची, म्हणून संध्याकाळी तिला शिकवायला मला बोलावलं.

मी कडक मास्तरीण. तिच्या वहीत मी तीन रकाने आखून दिले होते: शब्द, अर्थ, दुसरा अर्थ. तिसरा रकाना तिच्याच हट्टानं. चुकलं की माझ्या तांबड्या पेन्सिलीची फुली, जमलं की बरोबरची खूण. माझी बरोबरची खूण स्वस्त नव्हती, माझ्या विद्यार्थिनी अजून सांगतील.

एकदा स्वयंपाकीणबाईनं निरोप पाठवला, डोळे आले, आज येत नाही. मडम घाबरून मला म्हणाली, "आज आले? मग काल कसं पाहत होती?" मी समजावून सांगितलं. पेन्सिल निघाली, तिसरा रकाना भरला. मग ती हसत म्हणाली, "बाई, तुमच्याकडे सगळं येतं. थंडी येते, ताप येतो, राग येतो, डोळे येतात. पाहुन्यासारखं." त्या वेळी मला त्याची गंमत वाटली होती.

साहेबाचं यंत्र पंधरा दिवसांनी गाव बदलायचं. दुसरी एखादी मडम असती तर बंगल्यात पंख्याखाली बसली असती. ही बाई पोरांना जीपमध्ये घालून पाठोपाठ निघायची. उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या, वळकट्या, औषधांचा पत्र्याचा डबा, आणि जीपच्या मागे दोरीनं बांधलेलं पोराचं शी-शूचं चिनी मातीच्या मुलाम्याचं भांडं. रस्त्यानं ते खडखड वाजायचं. आर्णीला एका गृहस्थानं ते यंत्राचाच भाग समजून साहेबाला त्यातून पाणी किती निघतं ते विचारलं होतं. सुट्टी असली की दुभाषी म्हणून मीही त्या जीपमध्ये असायची, नाहीतर हे मला कोण सांगणार?

पोरांना गावोगाव कोणी ना कोणी कडेवर घ्यायचं. पोरगी महिन्याभरात अस्सल वऱ्हाडी झाली. एक मोठा अंमलदार बंगल्यावर आला आणि इंग्रजीत लाडानं तिचं नाव विचारू लागला. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुले कायले पाह्यजे?" मी तोंडाला पदर लावला. पोरगा मात्र बारीक, चिडका. कोपराच्या नि गुडघ्याच्या लवणीत त्याला इसब होतं. मडम दिवसातून चार वेळा त्याला खोबरेल लावत बसायची.

दारव्ह्याच्या बाजारात मी शिकवलेली मराठी तिनं पहिल्यांदा चालवून पाहिली. "कृपया या वांग्यांचे मूल्य सांगावे." भाजीवाली तिच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बाई, वांगे घेऊन राह्यली का पोथी वाचून राह्यली?" सगळा बाजार हसला, सगळ्यात जास्त मडम. लगेच पेन्सिल: "राह्यली, आनि दुसरा अर्थ?" मला मेलीला राग आला. पण त्या दिवसापासून ती पुस्तकी मराठी माझ्याकडून आणि खरी मराठी स्वयंपाकघरातून शिकू लागली.

तिथूनच एक दिवस ‘माय’ आली. स्वयंपाकीणबाई पोरीला माय, माय करून भरवत होती. मडमनं शब्द उचलला.

"माय म्हणजे आई," मी म्हटलं.

"आनि दुसरा अर्थ?"

आता काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी माझ्या डोक्यात आली ती बाजारातली शिवी, पोतं उचलताना हमालांच्या तोंडून सुटते ती. माझे कान तापले. बाईमाणसानं, त्यातून मास्तरणीनं, ते कसं समजावायचं? मी तिच्या हातातून वही ओढली आणि तिसऱ्या रकान्यात माझ्या तांबड्या पेन्सिलीनं ठसठशीत लिहिलं: ‘नाही.’

"या शब्दाला दुसरा अर्थ नसतो," मी म्हटलं.

तिची स्वतःची आई समुद्रापार. ती खूश झाली. "चांगलं," म्हणाली. "एक तरी शब्द सोपा."

पाडवा आला. गुढीला कडुनिंबाचा पाला का बांधतात ते मी शिकवलं. तिनंही आपल्या दाराला पाला बांधला. मोठ्यांच्या पाया पडावं हेही शिकवलं होतं, तर दोन्ही गोरी पोरं ओळीनं माझ्या पायांवर डोकं ठेवून गेली. पोरगा तर पायावरच बसला. मला काय अभिमान वाटला होता त्या दिवशी!

पाडवा होऊन आठवडा झाला असेल. दारव्ह्याच्या बाजूला एका तांड्यावर यंत्र लावायचं होतं. जागा दाखवायला तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, आमच्या साहेबाला माळावर घेऊन गेला, मी दुभाषी म्हणून बरोबर. मडम पोरांना घेऊन तांड्यात शिरली. नेहमीचंच होतं ते. अर्ध्या तासानं बोलता बोलता नाईक म्हणाला, "बाई, तिकडच्या घरापाशी जाऊ नका बरं. माय आली हाय."

मी धावत सुटले. लुगड्याचा काठ पायात येऊन दोनदा पडले असते. घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधलेला दिसला.

दारात घागरा घातलेली, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरलेली एक तरुण बाई हात जोडून उभी होती. आत अंधार. अंधारात मडम वाकलेली, दोन्ही पोरांची डोकी जमिनीला टेकवत होती.

"बाहेर या!" मी ओरडले. "आधी बाहेर या!"

तिनं हसून वळून पाहिलं. "बाई, यांच्याकडे माय आली आहे. आम्ही पाया पडतो आहोत."

मग तिचे डोळे अंधाराला सरावले असावेत. समोर गोधडीवर पोरगी होती, तिच्या पोरीएवढीच. अंगावर फोडांशिवाय सुईच्या टोकाएवढी जागा मोकळी नव्हती. आणि मडमच्या पोराचा हात त्या गोधडीवर होता.

ती किंचाळली नाही. तिनं पोराला उचललं, पोरीचं मनगट धरलं, दारातल्या बाईला वाकून नमस्कार केला आणि बाहेर आली. जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "सांगा."

मी इंग्रजी शब्द सांगितला. देवीचा रोग. आमच्याकडे नाव घेत नाहीत, माय आली म्हणतात.

तिनं पोराकडे पाहिलं. "पोरीला टोचलं आहे, याला नाही," ती म्हणाली. "इसब आहे म्हनून तिकडच्या डॉक्टरांनी टोचलं नाही. इसबावर ती लसच उलटते. पोरगं दगावतं. डब्यात त्यांचं पत्र आहे."

साहेब जीप खड्ड्यांतून दामटत होता. मागे ते भांडं खडखडत होतं. तिनं विचारलं, "बाई, हा दुसरा अर्थ तुम्हाला माहीत होता?"

"होता."

"कधीपासून?"

"लहानपणापासून."

तिनं पोराला आणखी जवळ ओढलं. वहीत ‘नाही’ लिहिताना मला शिवीच आठवली आणि लाज वाटली, हे मी तिला सांगू शकले नाही. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

यवतमाळच्या डॉक्टरांनी पोराचे कोपर पाहिले, ते पत्र वाचलं, चष्मा काढून ठेवला. "टोचावं तर इसबाची भीती," ते म्हणाले, "न टोचावं तर त्याहून मोठी. आजच्या आज देवी काढू."

"देवी... काढू?" मडमनं माझ्याकडे पाहिलं.

"लस टोचणे," मी म्हटलं.

"तुमच्या भाषेत रोग आनि औषध एकच?" तिच्या आवाजात पहिल्यांदाच धार होती. साहेबानं पोराला मांडीवर घट्ट धरलं आणि डॉक्टरांनी दंडावर टोचलं.

पंधरा दिवस वाट पाहायची होती. शिकवणी बंद झाली. माझी तांबडी पेन्सिल तिच्या टेबलावरच राहिली, मागायची माझी हिंमत झाली नाही. शाळा सुटली की मी बंगल्याच्या ओसरीवर जाऊन बसायची. ती मला बस म्हणायची नाही, जा म्हणायची नाही. स्वयंपाकीणबाईनं कुणाला न विचारता घरातली फोडणी बंद केली. माय घरात यायची शक्यता असली की तेल तडतडू द्यायचं नसतं. साहेबाला पत्ताच लागला नाही, तो तसाही उकडलेलंच खायचा.

रोज सकाळी ती पोराला उजेडात उभं करून अंगावरचा तीळ न् तीळ तपासायची. पाचवा दिवस गेला. सहावा गेला. आठव्या दिवशी पोराला ताप भरला.

डॉक्टर म्हणाले, लसीचाही येतो. आणि त्या रोगाचाही येतो. दोन दिवस काही सांगता येणार नाही. पोराचा दंड फुगून लाल झाला होता, इसबाच्या जागा रसरसल्या होत्या. दारातूनच मला ते दिसलं. मी ओसरीवर बसून देवाला नको नको ते कबूल करत होते. एका शब्दासाठी पोराचा जीव घेऊ नकोस, माझा घे, असंसुद्धा म्हटलं मी.

नवव्या दिवशी दुपारी फाटकापाशी बांगड्या वाजल्या. पाहते तो तांड्यावरची ती बाई. सहा कोस उन्हातून चालत आली होती. हातात कडुनिंबाचा डहाळा, पाला पार सुकलेला. आत येईना. मी फाटकाशी गेले.

"बाबू कसा हाय?" तिनं विचारलं. "नाईक म्हने, त्याले टोचेल नव्हतं. म्या तिले सांगतलं होतं बाई, माय आली म्हनून. थे म्हने, मग पाया पडतो. पाया पडाले आलेल्याले कोन अडवते? मले वाटलं, मडम असून इतकी मानते. मले तं लय बरं वाटलं."

मडम दारातून पाहत होती. ती पायऱ्या उतरून फाटकापाशी आली. दोघी समोरासमोर, मध्ये फाटक.

"ताप आहे," मडम म्हणाली. मग विचारलं, "तुमची मुलगी?"

त्या बाईनं डहाळा या हातातून त्या हातात घेतला.

"मायसंगं गेली," ती म्हणाली.

मी मडमकडे पाहिलं. तिचा हात केसांतल्या पेन्सिलीकडे गेला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं फाटक उघडलं, बाहेर आली आणि त्या बाईशेजारी धुळीत बसली. स्कर्ट घातलेली एक, घागरा घातलेली एक. किती वेळ बसल्या असतील कोण जाणे. उठताना त्या बाईनं डहाळा पुढे केला. मडमनं तो आत नेऊन पोराच्या उशाशी ठेवला. डॉक्टरांनी संध्याकाळी तो पाहिला आणि तसाच राहू दिला.

अकराव्या दिवशी ताप उतरला. दंडावरचं पिकून त्याला खपली धरली. बाकी अंग कोरं राहिलं. बारावा, तेरावा, चौदावा. पंधराव्या सकाळी पोरगा ओसरीवर आला, मी बसलेच होते, तो येऊन माझ्या पायावर बसला आणि भाकर मागू लागला. मी तोंड फिरवून रडले. स्वयंपाकीणबाईनं त्या दिवशी अशी काही फोडणी दिली की लोहाऱ्यापर्यंत ठसका गेला असेल.

शिकवणी मात्र पुन्हा सुरू झाली नाही. ती भेटली की बोलायची, पोरांचं, उन्हाचं, साहेबाच्या यंत्राचं. वहीचं नाव नाही. मीही काढलं नाही. त्या तांड्यावर यंत्राला पाणी लागलं तेव्हा ती पोरं घेऊन गेली होती. मला बोलावलं नाही. आता तिला दुभाषी लागत नव्हता.

दिवाळीच्या आधी काम संपलं. जायच्या दिवशी त्यांची जीप शाळेच्या दारात थांबली. पोरगी ओरडली, "बाई, आमी जाऊन राह्यलो!" मडम उतरली, माझ्या हातात ती वही ठेवली, माझे दोन्ही हात वहीसकट घट्ट दाबले. मला बोलायचं होतं, माफी मागायची होती, त्या शिवीची गोष्टसुद्धा सांगायची होती. तोंडातून निघालं एवढंच, "पोराला जपा." ती जीपमध्ये बसली. भांडं खडखडत धामणगाव स्टेशनच्या रस्त्याला लागलं. नंतर ती कधी दिसली नाही. दोन वर्षं पत्रं आली, मग तीही थांबली.

वही मी त्या दिवशी उघडलीच नाही. चार दिवसांनी धीर केला. पानं उलटत ‘माय’पाशी आले. वाटलं होतं, खोडलेलं असेल, फुली असेल, नाहीतर तिसऱ्या रकान्यात खरा अर्थ लिहिलेला असेल. माझं ‘नाही’ तसंच होतं, माझ्याच ठसठशीत अक्षरात. आणि त्याच्यापुढे, तिच्या टेबलावर राहिलेल्या माझ्याच तांबड्या पेन्सिलीनं, तिनं बरोबरची खूण केली होती.