भिकनचा दगड

जीपवाल्या सुपडूनं मोटारसायकल दारात आणली, पण तो खाली उतरला नाही. तिथूनच म्हणाला, "अक्का, भिकनभाऊ चढवर गाडीमा बठेल शे. हाक मारी, बोलस नही." मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करत होते. तव्यावरची भाकरी उलटली आणि मगच उठले. असं का केलं ते मला आजही सांगता येत नाही. जळू नये, एवढंच डोक्यात आलं असेल...

भिकन माझा धाकटा भाऊ. पिंपळनेरला रस्त्याच्या कडेला त्याचं जीप दुरुस्तीचं गॅरेज, आणि मागे आमच्या दोन खोल्या. त्याच्या आधी आईची दोन मुलं गेली, म्हणून याचं नाव भिकन ठेवलं आणि नाक टोचलं. हा भीक मागून आणलेला आहे असं वाटून तरी मरणानं याला सोडावं, असा आमच्याकडचा रिवाज. मी सात वर्षांनी मोठी. त्याला कडेवर घेऊन शाळेत जायचे. तो रडायचा, मास्तर वैतागायचे. चौथी झाली आणि माझी शाळा सुटली. त्याचं मला फार वाईट वाटलं असं नाही. पुढे नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, सासरी कोणाला मी नको होते. भिकन जीप घेऊन आला आणि मला माझ्या पेटीसकट घेऊन गेला. त्यानं लग्न केलं नाही. अक्कामुळे केलं नाही, असं लोक बोलायचे. मी एकदा त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "तुन्हासारखी बोलनारी एक घरमा शे, आखो दुसरी काबरं आनू?"

पावसाळा हा त्याच्या कामाचा हंगाम. डोंगरातल्या पाड्यांवर जाणाऱ्या जीपना नाले ओलांडावेच लागतात. फरशी पुलावरून पाणी वाहत असलं तरी ड्रायव्हर गाडी घालतात. चार चाकं ओढतात ना, मग काय होतंय, असं त्यांना वाटतं. मधेच गाडी बंद पडते. मग दोराला बांधून ती आमच्या दारात येते. भिकन सगळ्यात आधी किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. पाण्यातून निघालेली गाडी लगेच सुरू करून बघायची, ही चूक दहातले नऊ जण करतात. इंजिनात पाणी असेल तर त्या एका किल्लीनं इंजिन मोडतं. एकदा एक साहेब फार ओरडले, आत्ताच्या आत्ता गाडी पाहिजे म्हणाले. भिकन म्हणाला, "साहेब, बुडालेला माणूस बाहेर काढला की त्याला आधी पळवता का पालथा घालता?" साहेब माझ्या हातचा चहा पिऊन गेले.

इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा-मागचा आस, सगळीकडचं ऑइल तो उघडून बघायचा. पाणी शिरलं की ऑइल दुधाळ होतं. अलीकडे त्याला मोतीबिंदू झाला होता, रंग नीट कळत नव्हता. धुळ्याला जाऊन ऑपरेशन कर म्हटलं की म्हणायचा, पावसाळा निघू दे. तोवर त्याचे डोळे मीच. तो ऑइलची पट्टी पुसून, बुडवून, वर काढून माझ्यापुढे धरायचा.

"अक्का, दख बरं, काय शे?"

"चहा."

"दूधना का कोरा?"

"दूधना."

"मंग काढ बठ्ठं."

की पुन्हा सगळं ऑइल काढायचं, नवं भरायचं, थोडा वेळ इंजिन फिरवायचं, पुन्हा पट्टी. मी 'कोरा' म्हणेपर्यंत गाडी हलायची नाही. मग चाकं खोलून ब्रेकमधला गाळ धुवायचा, बेअरिंगला नवं ग्रीस भरायचं, तारांची तोंडं कोरडी करायची. यात दोन-तीन दिवस जायचे.

एवढं करूनही गाडी तो लगेच मालकाला द्यायचा नाही. पहिली फेरी रिकामी, आणि ती स्वतः भिकनची. गावाबाहेरच्या चढावर जायचं, ब्रेक दाबत दाबत खाली यायचं. या फेरीला तो कोणालाही बसू द्यायचा नाही. पूर्वी एकदा घाईत अशी फेरी न मारता गाडी दिली होती. ड्रायव्हरनं माणसं भरली, ब्रेक लागला नाही, गाडी शेतात गेली. मेलं कोणी नाही, पण एका बाईचा हात मोडला. ती बाई बरी होईपर्यंत हा तिच्या घरचं पाणी भरायला जात होता. तेव्हापासून पहिली फेरी एकट्याची. चढावर थांबला की हँडब्रेक ओढूनही मागच्या चाकाखाली दगड ठेवायचा. ओल्या हँडब्रेकवर त्याचा भरवसा नव्हता. दगडही स्वतःचा, नदीतला, एका बाजूनं उतरता. ऐनवेळी रस्त्यात धड दगड सापडत नाही म्हणून तो सीटखाली घेऊन जायचा.

या पावसाळ्यात सुपडूची जीप आली. बॉनेटपर्यंत पाण्यात गेलेली. तीन दिवस काम चाललं. भिकन मधेच दोनदा खाटेवर बसला. मी म्हटलं, म्हातारा झालास. तो नुसता हसला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी बघितली, 'कोरा' म्हटलं, आणि भाकरीचं पीठ मळायला आत निघाले. तेवढ्यात तो म्हणाला,

"अक्का, चाल, बठ गाडीमा."

मी थांबले. उभ्या जन्मात त्यानं असं म्हटलं नव्हतं.

"पहिली फेरीले तू कोनलेच बठाडस नही. मंग माले काबरं?"

"दगड ठेवाले कोनी पाहिजे ना."

"आजलोंग कोन ठेवे? हात मोडी गयात का तुन्हा?"

दोन्ही हातांनी दगड उचलून त्यानं सीटखाली सरकवला आणि गेला. मी आत गेले. माझं आणि त्याचं हे शेवटचं बोलणं.

मी चढावर पोचले तेव्हा गाडी कडेला नीट उभी होती. हँडब्रेक ओढलेला. मागच्या चाकाखाली दगड. भिकन स्टिअरिंगपुढे बसलेला, किल्ली खिशात. म्हणजे छातीत दुखत असताना तो उतरला, दगड ओढून काढला, मागे चालत गेला, वाकला, दगड ठेवला, आणि परत येऊन बसला. गाडी मागे घरंगळून कोणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तो दगड उचलला नसता तर वाचला असता का, हे मी त्यांना विचारलं नाही. ते हो म्हणाले असते तर?

महिन्याभरानं सुपडू आला. गाडी तशीच स्वतःच्या दारात उभी करून ठेवली होती त्यानं, एक माणूस बसवला नव्हता. म्हणाला, "अक्का, भाऊनी फेरी अर्धी शे." मी पदर खोचला आणि जाऊन बसले. चढावर थांबलो. सुपडू दगड घ्यायला धावला, त्याला मी खेकसून मागे केलं. दगड मी ठेवला. थोडं थांबलो, मग ब्रेक दाबत दाबत खाली आलो. ब्रेक चांगले लागत होते. भिकनचं काम होतं ते.

दगड मी सुपडूला दिला नाही. तो आमच्या दाराशी आहे. रोज सकाळी झाडताना मी तो उचलून बाजूला ठेवते, खालचं झाडते, परत जागेवर ठेवते. लोक म्हणतात, अक्का, कशाला उचलतेस, भोवतीनं झाड ना. मी ऐकत नाही. दोन्ही हात लावून, कंबर वाकवून उचलते. दम लागतो, पण उचलला जातो. म्हणजे त्या दिवशीही मला उचलता आला असता.