बिनआरशाची गाडी

"माझ्या गाडीचे आरसे कुठी गेले बे?" मी असा ओरडलो, की मेहकरच्या स्टँडवरच्या तीन बस चावीशिवाय चालू झाल्या.

आमचा नेहमीचा मेकॅनिक इंजिनात मुंडकं घालून बसलेला. त्याला तीन प्रश्न विचारले, की पहिल्याचं उत्तर सुरू होतं, तेही गाडीकडे पाहून. गिऱ्हाइकाला हा कधी पाणी विचारणार नाही. पण दुकानाच्या पत्र्याखालच्या चिमण्यांपैकी कोण भित्री अन् कोण आगाऊ, हे त्याला तोंडपाठ.

"गुरुजी, वर पिल्लं हायेत," तो अखेर बोलला. "त्याइचा बाप दिवसभर आरशातल्या चिमण्यासंग भांडते. चोच फुटली त्याची. पिल्लाइले चारा कोन देईन?"

कोपऱ्यात पोतंभर आरसे पडले होते. अख्ख्या तालुक्याला मागचं दिसणं यानं बंद केलं होतं! माझं टाळकं आणखीच सरकलं.

"अन् मागून ट्रक आला तर मले कसा दिसन?"

"हॉर्न वाजवते न तो."

"बाकीचे चिमणे तर आरशापुढं गुमान पंख साफ करतात. यालेच काऊन एवढा राग?" म्हणत मी त्याचा पाना फरशीवर आपटला.

चारा घेऊन आलेल्या त्या चिमण्यानं चोचीतली अळी टाकली अन् माझ्याच हँडलवर बसून माझ्यावर ओरडायला लागला. वर पिल्लं उपाशी चिवचिवत राहिली.

मेकॅनिकनं पाना उचलून पुसला.

"तुमच्यासारखा हाय तो," तो म्हणाला.